धागा: उबुंटूवर डायल-अप लागतं, पण मोठी फाइल जात नाही (एक्स्टर्नल मोडेम, कोल्हापूर)

आठवी गल्ली | २० जुलै २००६, सायं. ७:१०

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत नेट कॅफेत बसून लिहितोय, मीटर पळतंय, म्हणून थोडक्यात सांगतो.

घरच्या पीसीवर (पेंटियम ३, २५६ एमबी रॅम) पोस्टानं फुकट आलेली उबुंटू ६.०६ (लिनक्स) ची सीडी टाकली. विंडोज पूर्ण पुसलं. व्हायरस गेले, त्यांच्याबरोबर इंटरनेटही गेलं. आत पीसीआय मोडेम कार्ड आहे. पीपीपीकॉन्फिग (डायल-अपची जोडणी ठरवणारा प्रोग्राम) चालवलं तर त्याला मोडेमच सापडत नाही. हेच कार्ड विंडोजवर रोज लागायचं, त्यामुळं लाइनीत काही नाही.

माझं काम लग्नपत्रिका आणि अहवालांची डिझाइनं करायचं. सध्या मुहूर्त नाहीत म्हणून हा उद्योग करायला सवड मिळाली. पण गणपती महिन्यावर आलेत. मंडळांचे अहवाल आणि पावती पुस्तकांच्या फाइली पुण्याच्या प्रेसला मेलनं जातात. त्याच्या आत चालू झालं पाहिजे.

पर्वतीचा पेंग्विन | २० जुलै, रात्री ९:४५

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (आतल्या कार्डांची यादी देणारी कमांड) चालवून मोडेमची ओळ इथे लिहा. तरी उत्तर बहुधा मला आत्ताच माहीत आहे: तुमचं कार्ड सॉफ्टमोडेम आहे. खऱ्या मोडेममध्ये सिग्नलचं गणित करणारी चिप आणि एटी कमांड (मोडेमला द्यायचे हुकूम) समजणारा कंट्रोलर, दोन्ही असतात. स्वस्त कार्डांत ते काढून टाकतात आणि सगळं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलतात. ते काम करणारा ड्रायव्हर कंपनी फक्त विंडोजसाठी देते. काही चिपांना लिनक्सचे ड्रायव्हर आहेत. त्यातल्या एकाची फुकटातली आवृत्ती तर १४.४ केबीपीएसवरच अडवलेली आहे, पूर्ण वेग हवा तर पैसे भरा.

त्यात आठवडा घालवू नका. सिरियल पोर्टला लागणारा एक्स्टर्नल मोडेम घ्या, त्याला ड्रायव्हर लागतच नाही. कॉम १ म्हणजे इकडचा टीटीवायएस०, कॉम २ म्हणजे टीटीवायएस१.

खिडकीतला वारा | २० जुलै, रात्री १०:०५

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोज परत टाक की. दहा मिनिटांत नेट चालू.

जास्वंद (इचलकरंजी) | २० जुलै, रात्री १०:२०

दहा मिनिटांत नेट आणि अकराव्या मिनिटाला व्हायरस. माझ्या यंत्रमागाच्या हिशेबाचं असंच वाटोळं झालं होतं. 'आठवी गल्ली', सेकंडहँड एक्स्टर्नल मोडेम आता मातीमोल भावात मिळतात, कारण लोक ब्रॉडबँडकडं वळलेत. अडॅप्टर मात्र मागून घ्या. तो नसेल तर मोडेम म्हणजे नुसता पेपरवेट.

आठवी गल्ली | २४ जुलै, सायं. ६:३०

आणला. ५६के, व्ही.९० वाला, पुढं आठ दिवे. अडॅप्टर मिळाला, केबल नव्हती. गावातल्या एकाकडनं बनवून घेतली, नऊ पिनी एका बाजूला, पंचवीस दुसऱ्या बाजूला.

पीपीपीकॉन्फिगला टीटीवायएस० वर मोडेम लगेच सापडला! पण पॉन (जोडणी लावायची कमांड) दिलं की प्लॉगमध्ये (तिच्या नोंदीत) 'नो डायलटोन' येतं आणि बंद. फोन कानाला लावला तर टोन येतोय चांगला.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज) | २४ जुलै, रात्री ८:५०

बाळ, टोन तुला येतोय, मोडेमला तो टोन वाटत नाहीये. बरेचसे मोडेम परदेशातल्या एक्स्चेंजच्या टोनवर बेतलेले असतात. आपल्याकडचा टोन त्यांना ओळखीचा वाटत नाही. एटीझेड या मोडेम रीसेट करणाऱ्या कमांडनंतर एक्स३ लाव. मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो, पण एंगेज असेल तर तेवढं ओळखतो. ही ओळ इटीसी, पीपीपीच्या शेजारच्या चॅटस्क्रिप्ट्सच्या फोल्डरात, प्रोव्हायडर नावाच्या फाइलीत टाकायची.

आणि एम० लावून मोडेमचा आवाज बंद करू नकोस. लोकांना ती किंचाळी नको असते, पण निम्मं निदान तिथंच होतं. नंबर फिरल्याचे टूं टूं, पलीकडची रिंग, मग शिट्ट्या, मग खरखर आणि शेवटी शांतता. कुठल्या टप्प्यावर अडलं ते कान सांगतात. मी १९९९ पासून ऐकतोय. आमच्या सौ. आतल्या खोलीतून सांगायच्या, "आज नाही लागायचं तुमचं."

आठवी गल्ली | २६ जुलै, दुपारी १:१५

मास्तर, एक्स३ नं काम झालं. शिट्ट्या, खरखर, शांतता, आणि प्लॉगमध्ये आयपी पत्ता आला. घरात ओरडलो. पण साइट एकही उघडेना. आकडी पत्त्याला पिंग जातंय, नावानं विचारलं की गप्प.

पर्वतीचा पेंग्विन | २६ जुलै, दुपारी २:००

डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणारी सोय. पीअर्सच्या फाइलीत (जोडणीची सेटिंगं असतात ती) युजपीअरडीएनएस हा शब्द आहे का ते पाहा. नसेल तर घाला, पॉफ करून जोडणी तोडा, पुन्हा पॉन.

आठवी गल्ली | २६ जुलै, रात्री ९:३०

नव्हता. घातला. हे पहिलं पोस्ट घरातनं, उबुंटूवरनं! लई भारी वाटायलंय.

जास्वंद (इचलकरंजी) | २६ जुलै, रात्री ९:४०

अभिनंदन! आता धाग्याला कुलूप लावायला हरकत नाही.

आठवी गल्ली | २९ जुलै, सकाळी ११:००

कुलूप काढा. पुन्हा नेट कॅफेतच आलोय.

तीन दिवस वापरलं. साइट उघडतात, मेल वाचता येतात, पन्नास-साठ केबीची चित्रं उतरतात. पण ७५० केबीची अहवालाची फाइल मेलला जोडून पाठवली की थोडी जाते आणि थांबते. पंधरा मिनिटं थांबलो, मग वेळ संपला असं सांगून मेल परत. सहा वेळा तेच.

दुसरं, पॉफ दिल्यावर कधी फोन सुटतो, कधी नाही. फाइल अडकल्यावर पॉफ दिलं की हमखास नाही. फोन उचलला तर आत खरखर चालूच. मोडेमचं बटण बंद केल्यावरच टोन येतो. परवा रात्री असंच विसरून झोपलो. किती वेळ मीटर पळालं देव जाणे. वडील बिलाची वाट बघायलेत, मी पण, वेगळ्या कारणानं.

तिसरं, मधेच लाइन तुटली तर मोडेम टक् करून सोडतो, पण कॉम्प्युटर दोन मिनिटं म्हणतो कनेक्शन आहे.

पर्वतीचा पेंग्विन | २९ जुलै, दुपारी १२:१०

पहिल्या मुद्द्यावर: एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १५०० वरून ५७६ करा. मोठी पाकिटं वाटेत अडकत असणार. दुसरा आणि तिसरा मुद्दा वेगळा वाटतो, त्यासाठी डिस्कनेक्ट स्क्रिप्ट लिहून त्यात तीन अधिक चिन्हं आणि एटीएच पाठवा, म्हणजे मोडेम फोन ठेवेल.

खिडकीतला वारा | २९ जुलै, दुपारी १२:३०

मी काय सांगत होतो?

आठवी गल्ली | ३० जुलै, सायं. ५:२०

एमटीयू ५७६ केला. फाइल थोडी जास्त जाते असं वाटतंय, पण अडकतेच. पाऊस पण धो धो आहे. लाइनीवरच ढकलावं म्हटलं तर उतरवून घेताना काही त्रास नाही.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज) | ३० जुलै, रात्री ९:१५

उतरवताना त्रास नाही आणि चढवताना आहे, हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लाइन खराब असती तर दोन्हीकडं बोंब झाली असती, आणि मोडेम चुका दुरुस्त करत बसला असता, वेग पडला असता, पण असा ठार थांबला नसता.

एक प्रयोग कर. पीअर्सच्या फाइलीत ११५२०० हा आकडा आहे ना? तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग, टेलिफोन लाइनीवरचा नव्हे. व्ही.९० मध्ये उतरायला ५६ पर्यंत सोय, पण चढायला जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएस. म्हणजे कॉम्प्युटर घागरीनं ओततोय आणि मोडेमचं भोक बारीक आहे. त्या आकड्याच्या जागी १९२०० लिही आणि तीच फाइल पाठव. फक्त तपासण्यासाठी, कायमचं नको.

आठवी गल्ली | ३१ जुलै, रात्री १०:४०

मास्तर, गेली! दहा मिनिटं लागली पण गेली! परत ११५२०० केलं, परत अडकली. परत १९२००, परत गेली. पण आता साइट उघडताना म्हातारपण आल्यासारखं वाटतंय.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज) | ३१ जुलै, रात्री ११:०५

म्हणजे रोग सापडला, जागा सापडायची आहे. मोडेमची घागर भरली की तो 'थांब' म्हणतो. ते 'थांब' कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही, म्हणून वरून ओतलेलं सांडतं. सेटिंगमध्ये ते 'थांब' ऐकायला लावणारं सीआरटीएससीटीएस आहे का?

आठवी गल्ली | १ ऑगस्ट, सकाळी १०:२०

आहे. पीपीपीच्या ऑप्शन्स फाइलीत आधीपासूनच होतं.

लेथवाला (उद्यमनगर) | १ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मी नुसता वाचत होतो, लिनक्स-फिनक्स आपल्याला कळत न्हाई. पण भावा, केबल बनवून घेतलीस म्हणालास. कुणाकडनं ते सांगू नको, पण एवढं सांग: मोडेमच्या आठ दिव्यांत टीआर लिहिलेला दिवा लागतोय काय? पॉन देतोस तवा आणि एरवी पण बघ.

आठवी गल्ली | १ ऑगस्ट, रात्री ८:००

टीआर कधीच लागत नाही. मला वाटलं दिवा गेलाय.

लेथवाला (उद्यमनगर) | १ ऑगस्ट, रात्री ८:२५

दिवा न्हाई गेला. केबलच्या नऊ पिनीच्या टोकाची टोपी स्क्रू काढून उघड. आत किती वायरी हायत आणि कुठल्या पिना एकमेकांत जोडल्यात ते बघून सांग. पिनीवर बारीक आकडे असतात, चष्मा लाव.

पर्वतीचा पेंग्विन | १ ऑगस्ट, रात्री ९:००

केबल सदोष असती तर मोडेमकडून 'ओके'सुद्धा आलं नसतं. कनेक्शन लागतंय, पिंग जातंय. कृपया हार्डवेअर उघडण्याआधी सेटिंग संपवू या.

लेथवाला (उद्यमनगर) | १ ऑगस्ट, रात्री ९:१०

पेंग्विनराव, ओके याला तीनच वायरी लागतात. टोपी उघडायला पैसे पडत न्हाईत.

आठवी गल्ली | २ ऑगस्ट, सकाळी ९:४५

उघडली. वायरी फक्त तीन: २, ३ आणि ५ ला. ७ आणि ८ एकमेकांत डाग देऊन जोडलेत. १, ४ आणि ६ पण एकमेकांत जोडलेत. ९ मोकळी.

लेथवाला (उद्यमनगर) | २ ऑगस्ट, दुपारी १:५०

हेच वाटलं मला. ही मोडेमची केबल न्हाई, सीएनसीची (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनची) हाय. आमच्याकडं मशिनला प्रोग्राम चढवायला गल्लोगल्ली हीच बनवतात. हात बसलेला असतो, डोळं झाकून बनवतात. तुझ्यासाठी त्यानं फक्त २ आणि ३ ची अदलाबदल केली.

आता इस्कटून सांगतो. २ नं येतं, ३ नं जातं, ५ अर्थिंगसारखी. ७ म्हणजे आरटीएस, 'मी तयार हाय' असं कॉम्प्युटर सांगतो. ८ म्हणजे सीटीएस, 'धाड' किंवा 'थांब' असं समोरचा सांगतो. तुझ्या केबलीत ७-८ एकमेकांत जोडल्यात, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच विचारतो आणि स्वतःच 'धाड' म्हणतो. मोडेम कितीबी बोंबलला तरी ऐकू कुणाला जाणार?

तसंच ४ म्हणजे डीटीआर. कॉम्प्युटर ती सोडतो तवा मोडेमनं फोन ठेवायचा असतो. ती वायर मोडेमपर्यंत गेलेलीच न्हाई, म्हणून टीआर दिवा अंधारात आणि फोन लोंबकळत. १ म्हणजे डीसीडी, लाइन तुटली की मोडेम ती पाडतो. तुझी १ नंबर ४ ला बांधलीय, म्हणून लाइन तुटली तरी कॉम्प्युटरला सगळं झ्याक दिसतं.

सीएनसीत हे चालतं, कारण तिथं 'थांब' आणि 'सोड' हे २-३ च्या वायरीतनंच अक्षर म्हणून येतं.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज) | २ ऑगस्ट, दुपारी ४:००

वा! तिन्ही लक्षणं एका केबलीत. ती दोन मिनिटंही जुळली बघा. डीसीडी खोटी, त्यामुळं लाइन तुटल्याचं पीपीपीला कळतच नाही. मग तो तीस-तीस सेकंदांनी पलीकडं हाका मारतो, चार हाकांना ओ आली नाही की सोडतो. चार गुणिले तीस, दोन मिनिटं. आणि अडकलेल्या फाइलीनंतर फोन का सुटत नाही तेही आलं. पॉफ म्हणताना तो निरोप घेतो, पण निरोपाचं पाकीटही त्या सांडलवंडीत जातं, पलीकडचा लाइन धरून बसतो.

पर्वतीचा पेंग्विन | २ ऑगस्ट, सायं. ५:३०

एमटीयूचा माझा अंदाज चुकीचा होता. पाकिटं लहान झाल्यामुळे सांडायला जरा उशीर लागला असेल, एवढंच. सीआरटीएससीटीएस लिहिलेलं आहे म्हणजे चालू आहे, हे मी गृहीत धरलं. पिनांची पूर्ण जोडणी कोणी लिहील का? पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

लेथवाला (उद्यमनगर) | २ ऑगस्ट, रात्री ८:१५

लिहा. पहिला आकडा नऊ पिनीचा, दुसरा पंचवीस पिनीचा. १ ते ८, २ ते ३, ३ ते २, ४ ते २०, ५ ते ७, ६ ते ६, ७ ते ४, ८ ते ५, ९ ते २२. नऊच्या नऊ वायरी. कुठंबी आपसात जोडायचं न्हाई. नऊ पिनीकडं फिमेल, मोडेमकडं मेल.

आठवी गल्ली, उद्या सकाळी कारखान्यावर ये, वायर आणि कनेक्टर पडून हायत. अर्ध्या तासाचं काम.

आठवी गल्ली | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

घरातनं लिहितोय. सकाळी गेलो होतो. मालकांनी मशिन चालू ठेवून एका हातानं डाग दिले. पैसे घेतले नाहीत, वर मिसळ खायला घातली. कटाचं तिखट अजून कानात आहे.

टीआर दिवा लागला! ११५२०० वर ७५० केबीची फाइल पाच मिनिटांत गेली. प्रेसवाल्याचा फोन आला, "आली बुवा एकदाची."

पण पॉफ दिल्यावर टीआर दिवा विझतो आणि फोन तरीही कधी कधी सुटत नाही. आता काय?

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज) | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम) उघडून एटी&व्ही विचार, तो मोडेमची सेटिंगं दाखवतो. त्यात &डी च्या पुढं किती आहे?

आठवी गल्ली | ३ ऑगस्ट, रात्री १०:५०

&डी०. आणि &सी०.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज) | ३ ऑगस्ट, रात्री ११:००

आधीच्या कुणीतरी तसं साठवून ठेवलंय. &डी० म्हणजे डीटीआरकडं काणाडोळा कर, आणि सी० म्हणजे डीसीडी कायम चालू दाखव. तुझी जुनी केबल चालली ती त्यामुळंच. नाहीतर पहिल्या दिवशीच काहीतरी अडून केबलीचा संशय आला असता. आता एटी&सी१&डी२ दे, ओके आलं की एटी&डब्ल्यू देऊन साठव. एटीझेड तेच साठवलेलं वाचतो, म्हणून पुन्हा पुन्हा लिहायला नको.

पावसाळ्यापुरतं अजून एक. एस१० हे रजिस्टर, लाइन क्षणभर गेली तर मोडेमनं किती वेळ दम धरायचा ते ठरवतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. एस१०=५० केलंस तर पाच सेकंद थांबेल. खरखरीत उगाच तुटणार नाही.

आठवी गल्ली | ४ ऑगस्ट, रात्री ८:३०

झालं. पॉफ, टक्, दिवा बंद, फोनला टोन. दहा वेळा केलं, दहाही वेळा. आई म्हणाली, नंबर फिरवायचा खेळ पुरे.

बिल यायचं आहे अजून.

जास्वंद (इचलकरंजी) | ४ ऑगस्ट, रात्री ८:४५

मी पण घरी जाऊन माझ्या केबलची टोपी उघडली. सात वायरी निघाल्या. रिंगची आणि अजून एक नाही. चालतंय का?

लेथवाला (उद्यमनगर) | ४ ऑगस्ट, रात्री ९:०५

९ नंबरची नसली तर काय बिघडत न्हाई, ती नुसतं फोन वाजतोय एवढं सांगते. दुसरी कुठली ते बघा. ६ असली तर बहुतेक वेळा चालून जातं. १, ४, ७, ८ पाहिजेतच.

आता माझं एक काम. माझ्या सीएनसीला प्रोग्राम चढवायला विंडोज ९८ चा एक खटारा ठेवलाय, तो आठवड्यातनं दोनदा निळा पडतो. आठवी गल्ली, तुझ्या त्या पेंग्विनवरनं (लिनक्सवरनं) चढवता येतील काय प्रोग्राम?

पर्वतीचा पेंग्विन | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

नक्की येतील. मिनिकॉममधून साध्या मजकुराची फाइल पाठवायची. मशिनमध्ये वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट काय आहेत ते सांगा. आणि हो, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरींवरचं 'थांब') बंद, सॉफ्टवेअरचा (अक्षरांतला) चालू. तुमच्याकडूनच शिकलो.

लेथवाला (उद्यमनगर) | ४ ऑगस्ट, रात्री ९:४०

४८००, ७ बिट, इव्हन, २ स्टॉप.

आठवी गल्ली | ४ ऑगस्ट, रात्री ९:५५

रविवारी सीडी घेऊन येतो, तुमच्या खटाऱ्यावरच टाकून बघू. ती तीन वायरींची जुनी केबल पण आणतो. २ आणि ३ परत उलटे केले की तुमच्या मशिनला बसेल.